आधी पायाची नाडी बघा

मंडळी, बोलायला लागण्याआधी एक विनंती. मोजे घातले असतील तर काढा. घोट्याच्या आतल्या हाडामागे जी खळगी आहे, तिथे दोन बोटं अलगद टेकवा. टकटक लागतेय? काका, स्वतःची बघा, शेजारच्यांची नंतर. दुसरी नाडी पावलाच्या वर असते. ती काही धडधाकट माणसांतही लागत नाही, म्हणून घाबरू नका. पण एकाच पायात दोन्ही सापडत नसतील, तर डॉक्टरांना दाखवा.

हे एवढं का सांगतोय? मागे एक शेतकरी आले होते. मधुमेह, त्यात बिडी. चपलेचा अंगठा घासून जखम झालेली. तीन महिने ड्रेसिंग चाललं, मग एक बोट कापलं. ती जखमही भरेना, म्हणून दुसरं कापलं. फाईल वीतभर जाड, शुगरचे रिपोर्ट ढीगभर. पायाच्या नाडीबद्दल मात्र एक ओळ नाही! मला अजून त्याचा राग येतो. अडथळा होता मांडीच्या रोहिणीत, म्हणजे पायाला रक्त नेणाऱ्या नळीत. चित्र दाखवल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पाटच तुंबलाय, आणि आपण वाफ्यात औषध मारत बसलो." रोहिणीत बारीक फुगा नेऊन तो फुगवला, वाट मोकळी केली, जखम दीड महिन्यात भरली. बोटं गेली ती गेलीच.

आणि ही विद्या काही कालची नाही. १६ जानेवारी १९६४, अमेरिकेतलं पोर्टलंड. ८२ वर्षांच्या एक आजी, पायाची बोटं काळी पडलेली. सर्जन म्हणत होते पाय कापू, आजी ठाम नाही म्हणाल्या. चार्ल्स डॉटर हे क्ष-किरणतज्ज्ञ. त्यांनी मांडीच्या रोहिणीतल्या अडथळ्यातून बारीक तार सरकवली आणि तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या घालत वाट रुंद केली. पाय गरम झाला, दुखणं थांबलं. पुढे दोन वर्षांहून अधिक, अगदी शेवटपर्यंत, आजी त्याच पायांवर चालल्या. तरीही एका सर्जनने डॉटरांकडे रुग्ण पाठवताना चिठ्ठीवर लिहिलं होतं: फक्त चित्र काढा, दुरुस्त करायला जाऊ नका! पुढे १९७४ मध्ये झुरिकला ग्रुंटझिग या डॉक्टरांनी त्या नळ्यांच्या जागी फुगा आणला.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. कोणाला हा उपचार लागतो, हा खरा विषय तर राहिलाच, तो भरभर सांगतो.

चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, एवढंच असेल तर फुग्याची घाई नको. तंबाखू बंद, गोळ्या नियमित, आणि रोज चालणं: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. तीन महिने मनापासून करा. रात्री पाय खाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप येत नाही, जखम भरत नाही, बोट काळं पडतंय, तर मात्र थांबू नका. घोट्याचं आणि दंडाचं ब्लडप्रेशर मोजतात, गुणोत्तर ०.९ च्या खाली गेलं तर अडथळा आहे असं समजतात. मधुमेहात रोहिण्या चुना बसून कडक होतात आणि आकडा फसवा येतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघायला सांगा.

उपचारात जागा बधिर करून जांघेत सुई, मग तार, मग फुगा, लागला तर स्टेंट, म्हणजे वाट उघडी धरणारी जाळीची नळी. वाट पुन्हा अरुंद होऊ शकते. चित्र दिसावं म्हणून रोहिणीत सोडतात त्या रंगद्रव्याने किडनीला त्रास होऊ शकतो, तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आधी बघा. लांबलचक अडथळ्याला कधी कधी स्वतःच्याच शिरेचा बायपास बरा.

पायात पू भरून ताप चढला असेल, तर पू आधी, तातडीने काढावा लागतो. पण एरवी बोट कापायच्या कागदावर सही करण्याआधी विचारा: पायाचा रक्तपुरवठा तपासला का?