लाल तेवढं पुढे

(पहाट. शटर वर जातं.)

सदाशिव पेठेत दुधाच्या गाड्या येतात तेव्हाच अभ्यासिकेचं शटर वर जातं. खुर्च्यांवर दप्तरं, टेबलांवर थर्मास, समोरच्या फळीला चिकटवलेले कागद. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाचा पेपर म्हणजे दोन तासांत १०० प्रश्न. त्यासाठी गावोगावची मुलं इथे बसली आहेत.

(वही, जवळून.)

बीड जिल्ह्यातून आलेल्या एका मुलीची ही वही. विषय मूलभूत हक्क, पानं ४२. पहिल्या वाचनात सगळंच महत्त्वाचं वाटतं, म्हणून सगळंच उतरवलं जातं. परीक्षेआधी ते एका पानावर आणायचं, म्हणजेच मायक्रो नोट्स करायच्या.

आता तिनं वही मिटली आहे. खरं काम इथे सुरू होतं. वही उघडी ठेवून नोट्स लहान करायला बसलं, की हात नुसता नक्कल करत राहतो. ती कोरा कागद घेते आणि आठवेल तेवढं निळ्या पेनानं लिहिते. समता, कलम १४ ते १८. स्वातंत्र्य १९ ते २२. शोषणाविरुद्ध २३, २४. मग अडते. पेन थांबतं, ओठ हलत राहतात.

(लाल पेन.)

मग वही उघडायची आणि राहिलेलं लाल शाईनं भरायचं. निळं तिला येतंय. पुढच्या कागदावर जातं ते फक्त लाल. पंधरा दिवसांनी पुन्हा मिटलेली वही, पुन्हा कोरा कागद. ४२ पानांची अशी ९ झाली, आता पाठपोट एक आहे.

या ओळीत पाहा: ‘मालमत्ता – ४४वी – १९७८ – ३००क’. एवढ्यावरून ती सगळं सांगते. हा हक्क मूलभूत हक्कांतून कोणत्या घटनादुरुस्तीनं निघाला आणि साधा कायदेशीर हक्क म्हणून कुठे गेला, हे तिला तोंडपाठ आहे. दुसऱ्या कुणाला या चार शब्दांतून काही कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही.

रेडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली असं न बघता आठवणंच तपासून पाहिलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुढे होते ते न बघता आठवून लिहिणारे.

(पुस्तकांचं दुकान.)

तयार मायक्रो नोट्स दुकानात मिळतात, सुबक आणि रंगीत. पण त्यात काय गाळायचं ते दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. तुमचं विसरणं त्याला कसं ठाऊक असणार? घरून आलेले पैसे त्यावर घालवू नका. एक लाल पेन घ्या.

२०२५पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, तिथे या चार शब्दांचा परिच्छेद करावा लागेल.

(संध्याकाळ.)

हा तिचा तिसरा प्रयत्न. आधीचे दोन थोडक्यात हुकले. उद्या पेपर आहे. वह्या खोक्यात गेल्या. ते एक पान ती चौघडी करून पेनांच्या डबीत ठेवते.