कॅमेरा घोडागाडीतच का बसतो?

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'वेस्टर्न सिनेमातील प्रतिनिधित्व', जरा जडच झालाय, आपण सरळ काऊबॉय-इंडियनच्या पिक्चरबद्दल बोलू. इंडियन म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूळ रहिवासी. आणि आधीच सांगतो, शोलेबद्दल मी काही बोलणार नाही, त्यावर या हॉलमधला प्रत्येक जण माझ्यापेक्षा जास्त बोलू शकतो.

तर मॉन्युमेंट व्हॅली. नाव माहीत नसेल पण पाहिलीय तुम्ही, लाल माती आणि मधूनच उभे असलेले ते सपाट माथ्याचे डोंगर. ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवर, नवाहो या इंडियन जमातीच्या जमिनीत. दिग्दर्शक जॉन फोर्डने १९३९ च्या 'स्टेजकोच'चं, म्हणजे प्रवासी घोडागाडीच्या गोष्टीचं, शूटिंग तिथे केलं आणि जागा त्याला इतकी आवडली की पुढे गोष्ट कुठलीही असो, चला तिथेच. 'द सर्चर्स', १९५६ चा, गोष्ट टेक्सासची, ते तिथून शेकडो मैल लांब, पण पडद्यावर तेच लाल डोंगर. आता जागा नवाहोंची म्हटल्यावर गर्दीला माणसं पण तीच मिळणार, मग स्टेजकोचमध्ये नवाहो अपाची झाले, सर्चर्समध्ये कोमांची झाले, म्हणजे दर वेळी भलत्याच जमातीचे. आणि कोमांचींचा सरदार कोण? हेन्री ब्रँडन, जन्म बर्लिनचा, डोळे निळे!

हसू नका, अजून पुढे आहे. १९६४ मध्ये फोर्डने 'शायेन ऑटम' काढला, म्हणजे आयुष्यभर इंडियन मारून झाल्यावर म्हातारपणी त्यांची बाजू मांडायला घेतली. १८७८ मध्ये ओक्लाहोमात नेऊन टाकलेले शायेन जमातीचे लोक उपाशीपोटी उत्तरेला आपल्या मुलखात चालत निघाले, ती गोष्ट. हेतू चांगलाच, पण मोठे रोल कुणाला, तर दोन मेक्सिकन आणि एक इटालियन वंशाचा नट. बाकी गर्दी पुन्हा नवाहोंचीच. आणि किस्सा असा सांगतात की गंभीर सीनमध्ये त्यांना सांगितलं, तुमच्या भाषेत बोला, युनिटमध्ये ती कुणालाच कळत नव्हती, मग पठ्ठ्यांनी चेहरा सुतकी ठेवून चावट बोलायला सुरुवात केली. पुढे तो पिक्चर नवाहोंच्या वस्तीत लागला की ऐन दुःखाच्या प्रसंगाला लोक पोट धरून हसायचे म्हणे. मला या किश्शाचा कंटाळाच येत नाही.

एकदा एका फिल्म सोसायटीत हा सांगितला तर एक काका उठले, म्हणाले अहो करमणुकीत कशाला जातपात आणता. काका, मी कुठे आणली? कास्टिंग करणाऱ्यानेच आणली की! पण काका ऐकेनात, चहा येईपर्यंत माझ्याशी भांडले, आणि चहानंतर परत.

...चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अरे देवा. मूळ मुद्दा राहिलाच.

मुद्दा एवढाच, कोण कुणाचा रोल करतो हे नंतरचं, आधी बघा कॅमेरा कुठे बसलाय. स्टेजकोचमध्ये आपण गाडीतल्या माणसांबरोबर प्रवास करतो, कोण दारुडा, कोण गरोदर, सगळं कळतं, आणि अपाची मात्र एकदम कड्यावर रांगेत दिसतात. त्यांच्या म्होरक्याचं, जेरोनिमोचं, नाव तेवढं कानावर पडतं, पण कड्यावरच्या एकाचीही आपल्याला ओळख होत नाही. हाच वेस्टर्न पिक्चरचा खरा नियम, टोपी-पिस्तूल वरवरचं. आणि काहींकडे तर कॅमेरा वळलाच नाही. गुलाम म्हणून जन्मलेला काळा माणूस बास रीव्ह्ज इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, डेप्युटी मार्शल, म्हणजे सरकारी पोलीस अधिकारी होता, भलेभले गुंड पकडले त्याने, पण फोर्डच्या काळच्या पिक्चरमध्ये काळा मार्शल शोधून दाखवा. १९९० च्या 'डान्सेस विथ वुल्व्ह्ज'मध्ये लाकोटा जमातीची भाषा भरपूर आहे, मान्य, पण आपण तिथे पोचतो ते गोऱ्या सैनिकाचं बोट धरूनच.

बदललं का काही? थोडंफार. २०२२ चा 'प्रे' बघा, १७१९ सालची कोमांची मुलगी, अख्खा पिक्चर तिच्या मागे मागे, आणि पूर्ण कोमांची डबिंगमध्येसुद्धा बघता येतो. फक्त तिची गोष्ट सांगायला त्यांना परग्रहावरचा राक्षस लागला, नुसत्या कोमांची मुलीवर पैसे कोण लावणार!