चवदार तळं आणि पंधरावं कलम

नमस्कार, श्रोतेहो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूच्या लष्करी छावणीतला. शिक्षण मुंबई, न्यूयॉर्क, लंडनचं. म्हणून राज्यघटनेतल्या समतेचा विषय निघाला की आपण थेट परदेशी विद्यापीठांकडे बघतो. मला वाटतं, आधी कोकणात उतरावं. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि त्यांनी पहिला मोठा सत्याग्रह केला तो महाडच्या चवदार तळ्यावर.

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाडच्या नगरपालिकेनंही पुढच्या वर्षी तसा ठराव केला. कागद तयार झाले, तळं होतं तिथंच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्याच दिवशी मंडपात परतलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. नंतर तळ्याच्या ‘शुद्धी’साठी १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून ते पुन्हा तळ्यात ओतलं गेलं. गुराढोरांना त्या पाण्यावर कधीच मज्जाव नव्हता, हेही ध्यानात घ्या. पुढं तळं खाजगी असल्याचा दावा कोर्टात गेला. उच्च न्यायालयानं तो निकालात काढेपर्यंत १९३७ उजाडलं.

आता घटनेचं पंधरावं कलम काढून वाचा. भेदभावाला मनाई, एवढं म्हणून ते थांबत नाही. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी नावं घेतं, आणि त्यांना अट कोणती? राज्याच्या पैशानं, पूर्णतः वा अंशतः, राखलेले. बोले ठरावाचीच ही भाषा. कलम एकट्या बाबासाहेबांनी लिहिलं असं कुणी म्हणू नये. उपसमित्या होत्या, खल झाला. पण मसुदा समितीच्या अध्यक्षांना तलाव म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पाण्याइतकाच जमिनीचा प्रश्न कोकणात पेटलेला होता. खोतांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, जाचाविरुद्ध अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं संप केला. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. ते मंजूर झालं नाही. खोती उठवणारा कायदा अखेर झाला तो १९४९ सालचा, म्हणजे संविधान सभेनं घटना स्वीकारली त्याच वर्षीचा.