राजीनामा दिल्यावर दूध कुठं घालायचं?

(कोल्हापुरात वाचकांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

विषय ब्रिटननं युरोपीय संघ सोडला त्याचा आहे, पण सुरुवात मी माझ्या गावच्या दूध संस्थेपासून करते. कागल तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून आमचं गाव. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. संस्थेचं दूध सहकारी संघाला जायचं. तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. फॅट कमी लागायची, टँकर उशिरा यायचा, दूध नासलं की खापर संस्थेवर फुटायचं. वर्षानुवर्षं कुणी दाद घेतली नाही. अशात एका खासगी डेअरीचा माणूस आला आणि लिटरमागे चार आणे जास्त देतो म्हणाला. मारुतीच्या देवळात बैठक बसली. हात वर करणाऱ्यांत माझे वडीलही होते. ठराव एका ओळीचा झाला: संघाला दूध घालणं बंद.

पहिले काही महिने बरे गेले. मग पुष्ट काळ आला, दूध वाढलं आणि डेअरीनं दर उतरवला. विचारायला जायचं कुणाकडे? संघात निदान आमच्या संस्थेचा एक ठरावधारक, म्हणजे मताचा हक्क असलेला प्रतिनिधी, होता, सर्वसाधारण सभेत उभं राहून भांडता येत होतं. डेअरीच्या दारात आम्ही नुसते विकणारे. दिवाळी आली, पण संघ दुधामागे जादा रक्कम देतो तो 'फरक' नाही. रात्री म्हैस अडली तर संघाचा डॉक्टर नाही. दोन वर्षांनी संस्था परत संघात गेली, ती नव्या अटींवर. वडील पुढं कितीतरी वर्षं म्हणायचे, "निघायचं ठरवलं त्यात वावगं न्हवतं पोरी. पण कुठं चाललोय, ते त्या रातीला कुणीच इचारलं न्हाई."

२३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये झालेल्या सार्वमताचा निकाल ऐकताना मला हे वाक्य आठवत होतं. मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते: युरोपीय संघात राहायचं की संघ सोडायचा. ५१.९ टक्के लोकांनी सोडायचा म्हटलं, ४८.१ टक्क्यांनी राहायचं म्हटलं. मतदान ७२ टक्क्यांवर झालं होतं, म्हणजे लोकांनी हा प्रश्न मनावर घेतला होता. पण सोडून जायचं कुठं, हे त्या कागदावर नव्हतं. नॉर्वेसारखं बाजारपेठेत राहून संघाबाहेर? सीमाशुल्क संघात, म्हणजे आपसांत जकात नाही आणि बाहेरच्यांना सगळ्यांची एकच जकात अशा व्यवस्थेत, राहून बाकी मोकळं? की सगळंच तोडून? प्रत्येकानं आपल्या मनातलं उत्तर त्या एका शब्दात भरलं.

हे मी नंतर सुचलेलं शहाणपण म्हणून सांगत नाही, ब्रिटनच्या संसदेत ते उघड झालं. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी बाहेर पडण्यासाठी युरोपीय संघाशी केलेला करार खासदारांनी तीनदा फेटाळला. त्यातला पहिला पराभव जानेवारी २०१९ मध्ये ४३२ विरुद्ध २०२ असा होता. मार्चच्या २७ तारखेला खासदारांनी स्वतःच आठ पर्याय मांडून त्यांवर मतदान घेतलं. आठांपैकी एकालाही बहुमत मिळालं नाही. निघायचं ठरून तीन वर्षं होत आली होती आणि वाट कुणालाच ठरवता येत नव्हती. शेवटी ३१ जानेवारी २०२० ला ते बाहेर पडले आणि वर्षअखेरीला, नाताळच्या आदल्या दिवशी, व्यापाराचा करार कसाबसा हाती आला.

ज्यांनी सोडायचं म्हणून मत दिलं त्यांना अडाणी म्हणायची एक पद्धत पडली आहे. ती मला अजिबात मान्य नाही. लिंकनशायरमध्ये बोस्टन नावाचं गाव आहे. आजूबाजूला कोबी-फुलकोबीची शेतं. २००४ साली पूर्व युरोपातले देश संघात आले. बहुतेक जुन्या सभासद देशांनी त्यांच्या कामगारांना काही वर्षं थोपवून धरलं. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडननं मात्र दार लगेच उघडलं. बोस्टनच्या शेतांत माणसं आली, पण दवाखाना तेवढाच राहिला, शाळा तेवढीच राहिली, घरभाडं वाढलं. तिथं ७५ टक्क्यांहून जास्त मतं सोडण्याच्या बाजूनं पडली. आपल्याकडे बीडकडून ऊसतोड मजूर येतात. त्यांच्याशिवाय कारखान्याचं धुराडं पेटत नाही, पण त्यांच्या पोरांची शाळा, त्यांच्या बायकांचं आजारपण याची सोय हंगाम संपेपर्यंत कुणी नीट लावत नाही. त्यात दोष मजुरांचा नसतो आणि गावातल्या माणसाचाही नसतो. ज्यांनी माणसं आणून पैसा कमावला आणि सोयीवर खर्च केला नाही, त्यांचा असतो. बोस्टनचा राग रास्त होता, तो चुकीच्या दारावर जाऊन आदळला. पुढं काय झालं पाहा. युरोपातून येणारे घटले, पण शेतं मोकळी राहून चालत नाही, म्हणून हंगामी परवान्यावर मध्य आशियातून माणसं आणावी लागली. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात ब्रिटनमधलं निव्वळ स्थलांतर तर विक्रमी, नऊ लाखांच्या घरात गेलं.

पैशाचंही तसंच. 'आठवड्याला ३५ कोटी पौंड आपण ब्रुसेल्सला (म्हणजे युरोपीय संघाला) पाठवतो' असं प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं होतं. दूध उत्पादकाला यातली मेख लगेच कळेल. १९८४ साली तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी भांडून ब्रिटनसाठी परतावा मिळवला होता, आणि तो या आकड्यातून वजा केलेला नव्हता. संघ दुधाचं बिल किती कापतो एवढंच सांगायचं आणि दिवाळीच्या फरकाबद्दल गप्प बसायचं, त्यातला हा प्रकार. संख्याशास्त्राच्या सरकारी प्राधिकरणानं हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं तेव्हाच सांगितलं होतं. बस तरी फिरतच राहिली.

आता सीमेकडे वळते, कारण माझा जीव या भागात जास्त गुंतलेला आहे. आयर्लंड बेटावर दोन राज्यं आहेत. दक्षिणेचं प्रजासत्ताक युरोपीय संघात, उत्तरेचा तुकडा ब्रिटनमध्ये. मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, शेतांतून, ओढ्यांतून, गावांतून गेलेली. तीस वर्षांच्या हिंसाचारात तिथं साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. १९९८ च्या करारानं बंदुका थांबल्या. त्याआधी, १९९३ पासूनच, दोन्ही बाजू एकाच बाजारपेठेत असल्यानं सीमेवरची जकात तपासणी संपली होती. पुढं लष्कराच्या चौक्याही गेल्या आणि सीमा जवळपास दिसेनाशी झाली. ब्रिटन बाहेर पडणार म्हणजे ही रेषा पुन्हा दिसणार. ती जमिनीवर दिसू द्यायची नाही म्हणून अखेर समुद्रात ओढली: ब्रिटनहून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची तपासणी सुरू झाली. म्हणजे एकाच देशाच्या दोन भागांमध्ये नाका. तो त्रास हलका करायला २०२३ मध्ये आणखी एक करार करावा लागला. उत्तर आयर्लंडच्या जवळजवळ ५६ टक्के लोकांनी तर राहायच्या बाजूनं मत दिलं होतं.

नाका म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. २०२१ मध्ये कर्नाटकच्या हद्दीवर कोगनोळीच्या नाक्याला काय चाललं होतं ते आठवा. कोरोनाचा अहवाल नसेल तर गाडी मागं फिरायची. आमच्याकडच्या लोकांची शेतं एका राज्यात, घरं दुसऱ्यात. लेक निपाणीला दिलेली, बाजार कागलचा. आजारपणाची ती गरज होती, मी तिला नावं ठेवत नाही. पण एरवी ज्या रेषेवरून आपण दिवसातून चारदा जातो, ती अचानक भिंत झाली की काय होतं ते आम्ही पाहिलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे कर तपासणीचे नाके गेले. त्याआधी नाक्यावर रात्र काढलेले ट्रकवाले या सभागृहातही असतील. उघड्या रस्त्याची किंमत त्यांना विचारा.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. ब्रिटननं निघायला नको होतं. ब्रिटिश सरकारचं अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयच मानतं की संघात राहिले असते त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. पण माझं कारण पैशाचं नाही. शेजारी मोठी बाजारपेठ असली की तिचे नियम तुम्हाला पाळावेच लागतात, आत असा किंवा बाहेर. शिरोलीतल्या फौंड्रीतून जर्मनीला कास्टिंग जातं तेव्हा मापं कुणाची चालतात? जर्मनीची. आत असताना ब्रिटनला ती मापं ठरवणाऱ्या टेबलाशी खुर्ची होती. नॉर्वेनं १९७२ आणि १९९४ साली दोनदा नाही म्हटलं. तो देश आज बाजारपेठेचे नियम पाळतो, पैसेही भरतो, पण मत देत नाही. नॉर्वेनं ते जाणून स्वीकारलं आहे. ब्रिटननं हातातली खुर्ची सोडली.

मग कधीच निघू नये का? तसं मी म्हणणार नाही. डेन्मार्कच्या अखत्यारीतलं ग्रीनलंड पाहा. १९७२ मध्ये तिथल्या बहुसंख्यांनी युरोपीय समुदायाला, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपाला, नकार दिला होता, तरी डेन्मार्कबरोबर १९७३ ला त्यांना आत ओढलं गेलं. त्यांचं जगणं मासळीवर, आणि त्यांच्या समुद्रात इतरांची जहाजं. १९७९ ला स्वराज्य मिळाल्यावर १९८२ मध्ये त्यांनी कौल घेतला आणि बोलणी करून १९८५ ला बाहेर पडले. मासेमारीचे हक्क काही प्रमाणात देऊन त्या बदल्यात मासळीला युरोपची बाजारपेठ मिळवली. त्यांची संमती कधीच नव्हती आणि आपल्याला काय हवं ते त्यांना पक्कं माहीत होतं. ते निघाले ते बरोबरच.

आपल्या देशानंही एक दार न ओलांडायचं ठरवलं. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारतानं आशियातल्या मोठ्या व्यापार करारात, आरसेपमध्ये, जायला नकार दिला. न्यूझीलंडची दूध पावडर आली तर आपल्या दुधाचं काय, ही धास्ती या जिल्ह्यातल्या गोठ्या-गोठ्यात होती. मला तो निर्णय पटला. उंबऱ्यावर थांबणं आणि सत्तेचाळीस वर्षांचा संसार मोडून निघणं यांत मात्र फार अंतर आहे. ब्रिटन १९७३ पासून आत होता. तेवढ्या काळात कारखान्यांचे सुटे भाग, औषधांचे परवाने, लग्नं, पेन्शन सगळं एकमेकांत विणलं गेलं होतं. ती वीण एका वाक्याच्या कौलानं उसवायला काढली.

माझा आग्रह एवढाच की असा कौल दोनदा घ्यावा. आधी इच्छा विचारावी, मग अटी टेबलावर ठेवून पुन्हा विचारावं. दुसऱ्यांदाही लोक जायचं म्हणाले तर गुमान जावं, आणि राहा म्हणणाऱ्यांनी साथ द्यावी. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे पहिल्या मताचा अपमान, असं तिकडं म्हटलं गेलं. आपण सोयरीक ठरवताना पसंती झाल्यावर याद्या करायला पुन्हा बसतोच की. त्यात पसंतीचा अपमान कुणाला वाटत नाही.

(व्याख्यानानंतर एका तरुणानं विचारलं, "मॅडम, आसपासची गावं कोल्हापूर शहरात घ्यायच्या हद्दवाढीला तुम्ही हो म्हणाल का?")

मला वाटलंच होतं हा प्रश्न येणार. १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. २०१७ मध्ये ४२ गावांचं प्राधिकरण केलं, त्यानंही प्रश्न सुटला नाही. शहर म्हणतं, आमचे रस्ते वापरता, आमची बस वापरता, मग या. शहरालगतच्या उचगाव, पाचगावची माणसं म्हणतात, घरफाळा वाढेल, ग्रामपंचायत जाईल आणि पाणी तेव्हाही टँकरचंच. दोघांचंही खरं आहे. मी हद्दवाढीच्या बाजूची आहे. पण माझ्याकडे कुणी नुसता 'हो की नाही' असा कागद घेऊन आलं तर मी सही करणार नाही. पहिली पाच वर्षं घरफाळा किती, नळ कोणत्या साली येणार, गावाला नगरसेवक किती, हे लिहून आणा. ते चावडीवर वाचून दाखवा. मग हात वर करायला सांगा, मी पहिल्या रांगेत बसलेली असेन.