एका पिक्सेलला सात सायकल

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय 'भागाकार टाळून रंगवलेली जमीन' असा छापलाय, आणि मी तिथवर येणार आहे. पण त्याआधी मनात बरंच साचलंय ते बोलून घेतो. इतक्या आपुलकीनं हे ऐकणारी माणसं एका खोलीत रोज कुठे भेटतात!

उदाहरण गेम बॉय ॲडव्हान्सचं घेऊ. २००१ सालचं, हातात धरून खेळ खेळायचं यंत्र. १६.७८ मेगाहर्ट्झचा एआरएम७ प्रोसेसर, २४० बाय १६०चा पडदा. एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, प्रोसेसरच्या घड्याळाचे २,८०,८९६ ठोके, म्हणजे सायकल, मिळतात आणि पडद्यावर पिक्सेल आहेत ३८,४००. भागून बघा, एका पिक्सेलच्या वाट्याला सात सायकल आणि वर थोडं काहीतरी. त्यातूनच शत्रूंच्या हालचाली, टकरी, आवाजाचं मिक्सिंग, सगळं भागवायचं.

हा आकडा ऐकला की लोक लगेच असेंब्लीला, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना एकेक करून हातानं लिहिण्याला, हात घालतात, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. नवशिक्यानं कुठेही विचारावं, उत्तर ठरलेलं: सी भाषा सोड, असेंब्ली लिही. अरे, पण त्याचा कोड राहतो कुठे, हे तर विचारा आधी!

एक मुलगा माझ्याकडे शर्यतीचा खेळ घेऊन आला होता. रस्ता आणि आजूबाजूची जमीन रंगवणारं फंक्शन त्यानं सीमधून काढून हातानं एआरएम असेंब्लीत लिहिलेलं. काय सुरेख लिहिलं होतं! एक रजिस्टर वाया नाही, लूप उलगडलेला, शाखा जवळजवळ नाहीतच. आणि खेळ आधीपेक्षा हळू. पोरगं पार खचलं होतं. मोजणीत काही चुकतंय म्हणून यंत्रातले दोन टायमर जोडून त्यानं पुन्हा पुन्हा मोजलं. मोजणी बरोबरच होती.

झालं होतं असं. त्याचं जुनं सी थम्बमध्ये कंपाइल होत होतं, म्हणजे १६ बिटांच्या सूचना. कोड कार्ट्रिजच्या रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या स्मृतीत, आणि सूचना वाहून आणणाऱ्या तारा, म्हणजे तिथली बस, त्याही १६ बिटांच्या. एका खेपेत एक सूचना येत होती. नवीन कोडची प्रत्येक सूचना ३२ बिटांची, तिला दोन खेपा. यंत्र सुरू होतं तेव्हाच्या सेटिंगनुसार सलग वाचतानाही एका खेपेला तीन सायकल लागतात. म्हणजे सूचना नुसती आणायलाच सहा! आणि पिक्सेलमागे आपल्याकडे होते सात.

चिपच्या आत मात्र ३२ किलोबाइट रॅम आहे. तिची बस ३२ बिटांची, एका सायकलमध्ये उत्तर. आम्ही त्याचं जुनं सी परत आणलं, तेवढं एकच फंक्शन ३२ बिटांच्या एआरएम मोडमध्ये कंपाइल केलं आणि कोड स्मृतीत कुठे बसवायचा ते ठरवणाऱ्या लिंकरला ते आतल्या रॅममध्ये ठेवायला सांगितलं. रॉममधल्या असेंब्लीला या सीनं सहज मागे टाकलं. नंतर ती असेंब्लीही आत हलवली, तेव्हा ती आणखी थोडी पुढे गेली. थोडीच. मोठी उडी जागा बदलल्यामुळे मिळाली होती.

आधीच काढून ठेवलेल्या उत्तरांच्या तक्त्यांचंही तसंच. 'गुणाकार करू नका, तक्ता करून ठेवा' हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो! तक्ता रॉममध्ये असेल तर मधूनच एक ३२ बिटांची नोंद उचलायला त्याच सेटिंगवर आठ सायकल जातात. कोड आतल्या रॅममध्ये असेल, तर हा प्रोसेसर साधा गुणाकार दोन ते पाच सायकलमध्ये करतो. मग तक्त्यानं वाचवलं काय? (बाहेरची २५६ किलोबाइटची रॅमही १६ बिटांच्याच बसवर आहे, तिच्यावरही फार विसंबू नका. आणि खेळ सुरू होताच रॉमचा प्रतीक्षाकाळ कमी करणारी ती एक ओळ लिहा. कितीतरी खेळांच्या कोडमध्ये मला ती सापडत नाही, आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो.)

घड्याळ दाखवताहेत, तेव्हा आता भराभर मूळ विषयाकडे.

दूरचं लहान दाखवायचं तर अंतरानं भागावं लागतं, आणि या प्रोसेसरला भागाकाराची सूचनाच नाही. पण सपाट जमीन समोर पसरलेली असेल आणि कॅमेरा बाजूला कलत नसेल, तर पडद्यावरच्या एका आडव्या ओळीतली सगळी जमीन कॅमेऱ्यापासून सारख्याच खोल अंतरावर असते. म्हणून भागाकार पिक्सेलमागे लागत नाही, ओळीमागे एक लागतो. ओळी फार तर १६०. प्रत्येक ओळीच्या भाजकाचा व्यस्तांक, म्हणजे १ भागिले तो आकडा, आधीच काढून ठेवा. कॅमेऱ्याची उंची बदलली तर त्या ओळीच्या व्यस्तांकाला नुसतं उंचीनं गुणायचं. अपूर्णांक ८.८ स्थिरबिंदूत ठेवा, म्हणजे वरचे आठ बिट पूर्णांकाला, खालचे आठ अपूर्णांकाला. जमिनीचं चित्र हार्डवेअर स्वतःच फिरवतं-ताणतं, आणि त्यासाठीचे गुणक त्याला याच रूपात लागतात. एक ओळ संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या वेळात डीएमएनं, म्हणजे स्मृतीतली माहिती आपणहून हलवणाऱ्या यंत्रणेनं, पुढच्या ओळीचे गुणक आणि आरंभबिंदू भरायचे. जमिनीचा एकही पिक्सेल प्रोसेसरला रंगवावा लागत नाही.

चढउतार हवे असतील तर ही युक्ती चालत नाही, तिथे बिटमॅप मोडमध्ये एकेक पिक्सेल स्वतःच रंगवावा लागतो. त्यात २५६ रंगांचा मोड घेतलात तर एक ध्यानात ठेवा: व्हिडिओ रॅममध्ये एकटा बाइट, म्हणजे एकच पिक्सेल, लिहिला की तोच रंग शेजारच्या पिक्सेललाही लागतो. तेव्हा दोन पिक्सेल जोडून १६ बिट एकदमच लिहा. आता प्रश्न विचारा.