भुईमुगाला पेपर टाकायचा तर पातळच टाका

मंडळी, ठिबक आपल्याकडं आता नवं राहिलेलं नाही, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ भागात द्राक्ष-डाळिंबामुळं रानोरान नळ्या पोचल्यात. पण उन्हाळी भुईमूग म्हटला की अजून पाटानंच पाणी सोडतात. अहो, टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी कृष्णेतनं उचलून वर येतं, त्याला किती लाईट लागते, आणि आपण ते एप्रिलच्या उन्हात उघड्या रानात पसरतो. पाटाची एक पाळी ५० मिलिमीटर धरली तरी एकरी २ लाख लिटर झालं बघा. म्हणून म्हणतो ठिबक तर कराच, पण रानही झाका.

आता झाकायचं कशानं, तर दुकानात मल्चिंग पेपर, म्हणजे रानावर अंथरायचं प्लॅस्टिक, मागितला की टोमॅटो-मिरचीचा २५-३० मायक्रॉन जाडीचा चंदेरी पेपर हातात पडतो. भुईमुगाला तो चालतच नाही! फूल वर लागतं, शेंग मातीत धरते, मधे आरी, म्हणजे फुलातनं निघून खाली जाणारा देठ, आणि ती आरी जमिनीत शिरली नाही तर शेंग कुठली. त्यासाठी ७ मायक्रॉनचा पारदर्शक पेपर लागतो, तो आरीला फुटतो. वर त्याखाली जमीन उबदार राहते त्यामुळं जानेवारीच्या थंडीत टोकलेलं बी लवकर उगवतं. मात्र उजेड आत जातो म्हणून खाली तणही माजतं, तणनाशक पेपर अंथरायच्या आधीच मारायचं. नंतर झाडाला मातीची भर घालता येत नाही, आऱ्या मातीत दाबायला वरनं ड्रम फिरवता येत नाही, तेव्हा गादीवाफा (उंच सपाट वाफा) भुसभुशीत पाहिजे आणि जिप्समही तेव्हाच मिसळून घ्या.

पाण्याचा हिशोब सोपाय. नळ्या ४ फुटांवर, ड्रिपर ४० सेंटिमीटरवर आणि ताशी २ लिटरचे, तर एकरात साधारण ८,४०० ड्रिपर, म्हणजे तासाला १७ हजार लिटरच्या आसपास, ४ मिलिमीटर. भर उन्हाळ्यात दाट पिकाला दिवसाला ५-६ मिलिमीटर धरले तर दीड तासाच्या आतच भागतं, पेपर असेल तर त्याहून कमीच. लाईट आहे म्हणून रात्रभर मोटर चालू ठेवू नका, वाफसा बघा, म्हणजे माती ओलसर पाहिजे, चिखल नको. मुरमाड रानात पाणी सरळ खाली जातं, तिथं वाफ्यावर २ नळ्या टाका. आणि आऱ्या सुटल्यापासून शेंगा भरेपर्यंत मात्र ताण देऊ नका, तिथं पाणी वाचवलं तर पीकच जाईल.

मघाशी एका दादांनी सोयाबीनचं विचारलं. दादा, सोयाबीनला पेपरचा खर्च परवडत नाही. वाळव्या-कऱ्हाडाकडं ऊस तुटला की पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवतात, तेच आणून पहिल्या कोळपणीनंतर ओळींच्या मधे पसरा, ऑगस्टमधे पावसानं उघडीप दिली तरी ओल टिकते.

राहिलं काढणीचं. ७ मायक्रॉनचा पेपर फाटून त्याचे तुकडे वेलात अडकतात, आणि तोच पाला आपण जनावरांपुढं टाकतो. पोटात गेलेला पेपर पचत नाही, गाय हकनाक जाते. उपटतानाच तुकडे वेचा, रानातलेही गोळा करा. एवढी माणसं मिळत नसतील तर पेपर टाकूच नका, ठिबक ठेवा आणि आऱ्या सुटायच्या आत झाडापासनं जरा लांब, ओळींच्या मधे पाचटाचा पातळ थर द्या.