बीथोवनचे संच: घड्याळ काय सांगते आणि काय लपवते

[दृश्य: तिसऱ्या सिम्फनीच्या, म्हणजे ‘एरोइका’च्या, पहिल्या भागाची संहिता (छापील स्वरलिपी)]

बीथोवनच्या नऊ सिम्फन्यांच्या ध्वनिमुद्रणांचा एक संच ऐकायला साडेपाच-सहा तास लागतात. तीन-चार संच सलग ऐकून तुलना करायला बसलात, तर शेवटी सगळी सरमिसळ होते. त्यापेक्षा मोजक्या जागा ठरवा आणि त्याच जागा प्रत्येक संचात ऐका.

पहिली जागा, तिसऱ्या सिम्फनीचा पहिला भाग. यात ६९१ बार, म्हणजे संहितेतले ठरावीक मात्रांचे घर, आहेत. बीथोवनने १८१७ मध्ये पहिल्या आठ सिम्फन्यांचे मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे छापले, त्यानुसार इथे मिनिटाला ६० बार, म्हणजे सेकंदाला एक. हिशेब सरळ आहे: हा भाग साडेअकरा मिनिटांत संपायला हवा. पण सुरुवातीच्या दीडशे बारांनंतर पुनरावृत्तीची खूण आहे. ती पाळली तर चौदा मिनिटे.

आता कंडक्टर कारायानचा, बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचा १९६१-६२ मधला संच घ्या. हा भाग तिथे पावणेपंधरा मिनिटांच्या आसपास आहे. कंडक्टर झिनमनच्या झुरिकच्या वाद्यवृंदाच्या संचात साडेपंधराच्या आसपास. वेष्टणावरचे आकडे पाहून झिनमन संथ वाटतो. प्रत्यक्षात कारायान पुनरावृत्ती गाळतो, झिनमन पाळतो. वाजलेल्या बारांना मिनिटांनी भागा: कारायान मिनिटाला सुमारे ४७, झिनमन सुमारे ५४. खुद्द ६० गाठणे फार थोड्यांना जमते.

[ध्वनी: कोडातील (भागाच्या समारोपातील) ट्रंपेट, दोन संचांतून]

याच भागाच्या शेवटी, ६५५ व्या बारापासून, ट्रंपेट मुख्य धून उचलतात आणि मध्येच सोडून देतात. छापील संहितेत तसेच आहे. त्या काळच्या ट्रंपेटला वरचा स्वर धोक्याचा, म्हणून बीथोवनचा नाइलाज झाला, असे मानून जुन्या पठडीतल्या बऱ्याच कंडक्टरांनी ती धून ट्रंपेटकडून पुरी वाजवून घेतली. ऐकायला भव्य वाटते. आम्हाला मात्र मूळच आवडते: धून वाद्यवृंदात बुडते, आणि कान ती शोधत राहतो. झिनमन मूळ पाळतो. पण सावध राहा, त्याच्या संचात लाकडी सुषिर वाद्ये मधूनमधून ज्या हरकती घेतात, त्या बेरेनराइटर या प्रकाशनाच्या नव्या संहितेत नाहीत. त्या त्याच्या पदरच्या.

पाचव्या सिम्फनीतली जागा छोटी आहे. पहिल्या भागात दुसऱ्या धुनेची हाक आधी हॉर्न देतात. ती परत येते तेव्हा, ३०३ व्या बारात, संहितेत ती ‘बसून’ (bassoon) या लाकडी सुषिर वाद्यांकडे आहे. मधल्या काळात आधारस्वर बदललेला असतो आणि त्या काळच्या मी-बेमोल (E♭) स्वरात बांधलेल्या हॉर्नना ती हाक देता येत नव्हती. आधुनिक हॉर्न देऊ शकतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी ही हाक ‘बसून’ऐवजी हॉर्नकडे दिलेली सापडेल.

सातवीचा शेवटचा भाग हेडफोनवर ऐका. पहिली आणि दुसरी व्हायोलिने तिथे एकमेकांकडे तुकडे फेकतात. कंडक्टर क्लेम्पररने त्यांना डावी-उजवीकडे समोरासमोर बसवले, म्हणून तो खेळ ऐकू येतो. दोन्ही डावीकडे असतील तर नुसता एक जाड पट्टा उरतो. कंडक्टर टोस्कानिनीचा १९४९ ते १९५२ मधला संच मोनो आहे, म्हणजे त्यात डावे-उजवे वेगळे नाही. त्याला ही कसोटी लावूच नका, त्याची लय ऐका.

आणि हो, प्रत्येक संचाचा आवाज आधी सारखा करून घ्या. किंचित मोठ्याने वाजणारा संच कानाला हटकून सरस वाटतो.